माझी सवत, लेफ्टनंट टीडेके

मालिकांमधल्या बायकांना नवऱ्याच्या शर्टाला परक्या सेंटचा वास येतो. मला एरंडेलाचा आला.

खरंच. थांबा, सांगते ना. आज सकाळी शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सफरचंदांची पिशवी दिली. ओली, पानांसकट, एका सफरचंदावर तर गोगलगाय बसलेली. मी सगळी ओट्यावर ओतली आणि तो वास आला, आंबटगोड, थोडा मातीचा. आणि त्याच्या मागोमाग दुसरा वास आपोआप आला जो या किचनमध्ये कुठेच नव्हता. जळक्या एरंडेलाचा. लोकांना सफरचंद म्हटलं की दालचिनी आठवते, केक आठवतो. मला एरंडेल आठवतं आणि पोटात दुखायला लागतं. दोन्ही अर्थांनी. म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू, हात शिवशिवतायत, चहा गार झाला तर होऊ दे.

ही गोष्ट आम्ही हॅम्बर्गला होतो तेव्हाची. लग्नाला दोन वर्षं झालेली, मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, समीर विमानांच्या आतलं सामान बनवणाऱ्या कंपनीत. आतलं सामान म्हणजे काय, तर संडासाच्या दाराची कडी. हसू नका, तो अतिशय मनापासून करायचा. कुठल्याही विमानात बसलो की आधी उठून कडी लावून बघून यायचा, आपली आहे का दुसऱ्यांची. पुण्याच्या मित्रांना मात्र 'एव्हिएशनमध्ये आहे' एवढंच सांगायचा. मीही तेवढंच सांगायचे.

हॅम्बर्गला फेरीबोटीने नदी ओलांडली आणि पुढे बस पकडली की सफरचंदांचा मुलूखच लागतो. रांगाच रांगा, बुटकी झाडं, सप्टेंबरात अशी लगडलेली की फांद्यांना खालून टेकू द्यावे लागतात. रस्त्याच्या कडेला टेबलं मांडलेली, त्यावर पिशव्या, विकायला कुणी बसलेलं नाही. हवा अशी की पाऊस पडतोय की नुसताच लोंबकळतोय ते कळत नाही. तर एका शनिवारी मी म्हटलं मला मुरांबा करायचाय, जा, घेऊन ये. समीर सकाळी गेला. संध्याकाळी आला तो रिकाम्या हाताने, ओल्या बुटांनी आणि चमकत्या डोळ्यांनी.

"अगं, तिकडे एका शेतकऱ्याच्या कोठारात विमान बनवतायत!"

"आणि सफरचंदं?"

"कुठली सफरचंदं?"

इथून सुरुवात.

ते एक फेराइन होतं. फेराइन म्हणजे मंडळ. आपल्याकडे चार पोरं जमली की गणेश मंडळ निघतं तसं जर्मनीत तीन म्हातारे जमले की फेराइन निघतं, अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी सगळं रीतसर. या फेराइनचा देव होता लेफ्टनंट हिन्रिश टीडेके. त्याच गावातला सफरचंदवाल्याचा मुलगा, पहिल्या महायुद्धातला फायटर पायलट. बरोब्बर शंभर वर्षांपूर्वी तो ज्या विमानात लढला त्याची हुबेहूब नक्कल हे लोक बनवत होते. एकच पंख, लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड. आणि इंजिन असं की पंख्यासोबत अख्खं इंजिनच गरागरा फिरतं. अशा इंजिनाला वंगण म्हणून काय लागतं? एरंडेल! ते फिरता फिरता सगळीकडे उडतं, धुरातून येतं, तोंडात जातं, केसात जातं. त्या काळच्या पायलट लोकांना यामुळे कायम जुलाब व्हायचे म्हणे. आपल्याला लहानपणी नाक दाबून पाजायचे, आणि हे लोक ते हुंगत हुंगत लढाया करायचे.

लाकडी चौकटीवर बांधून ते इंजिन दर शनिवारी चालवून बघायचे आणि समीर दर शनिवारी तो वास घरी आणायचा. शर्टाला, उशीला, दाराच्या हँडलला. मराठीत दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात ना, तर माझ्या पोटात दुखत होतं आणि त्यावरचं औषध घरभर घमघमत होतं. कपडे दोनदा धुवायचे मी. नाही जायचा.

आता माझ्या पोटात का दुखत होतं ते सांगते, नाहीतर वाटेल ही बाई छंदावर जळते. मला वाल्डॉर्फहून ऑफर आली होती. वाल्डॉर्फ म्हणजे जर्मनीचं दुसरं टोक, आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचं पंढरपूर म्हणा हवं तर. जानेवारीपासून जॉइन व्हायचं. पर्मनंट. मी केक आणला होता. समीर म्हणाला "काँग्रॅट्स!" मिठी पण मारली. मी म्हटलं, मग जायचं ना? तू तिकडे शोधशील ना काहीतरी? तेव्हा म्हणाला, "बघू."

बघू. नवऱ्याने 'नाही' म्हटलं तर भांडता येतं. 'बघू'शी कसं भांडणार?

मग सुरू झालं रोजचं. जेवताना, भांडी घासताना, फेरीवर, लिफ्टमध्ये. टीडेके, टीडेके, टीडेके.

"तुला माहितीये, सुरुवातीला विमानातून लढायचेच नाहीत. फक्त खाली बघायचं, शत्रूचे खंदक कुठे आहेत, तोफा कुठे आहेत. समोरून शत्रूचं विमान आलं तर हात हलवायचे. टाटा!"

"भात घे."

"टीडेके तेव्हा मागच्या सीटवर. नकाशे काढायचा. मग कुणीतरी पिस्तूल नेलं. कुणी विटा टाकल्या. खरंच, विटा!"

"समीर, वाल्डॉर्फला उत्तर द्यायचंय."

"हो हो, बघू. तर मग मशीनगन आली. पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडायच्या आणि पात्याला एकही लागायची नाही, असं टायमिंग. कसलं डोकं आहे यार! नाहीतर आम्ही. कडी लागली की लाल दिवा."

आणि हसायचा. तेव्हा मला ते हसणं नीट ऐकू आलं नाही. मी आमटी वाढत होते.

तर हा टीडेके मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आला. एकटा, वर, उघड्या विमानात, पॅराशूट नाही, रेडिओ नाही, नाकाला चरबी फासलेली थंडीसाठी. मी त्याचे फोटो बघितलेत, फेराइनमध्ये भिंतभर लावलेत. दिसायला काही खास नाही हं. कान मोठे. एका फोटोत कुत्र्याला धरलंय आणि कुत्रंच जास्त हँडसम आहे. पण समीर त्या फोटोसमोर उभा राहिला की त्याची मान आपोआप थोडी तिरकी व्हायची, आणि ती तिरकी मान मी आधी बघितली होती, आमच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात. माझ्याकडे बघताना. मग सांगा, नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत का?

पुण्याला फोन लावला सासूबाईंना. म्हटलं, "अहो आई, हा दर शनिवारी जातो. घरात लक्ष नाही. सारखं त्या विमानाचं."

"अगं, सिगरेट नाही, दारू नाही. विमानच ना?"

"आई, सगळ्या कपड्यांना एरंडेलाचा वास येतो."

"एरंडेल वाईट नसतं हो. कोठा साफ राहतो." मग थोडं थांबून, हळूच, "बाई बिई नाही ना गं तिथे कुणी?"

"एक गिझेला आहे. सत्तरीची. कापड शिवते पंखांचं."

"मग झालं तर! सवत नाही ना, मग बास."

मी फोन ठेवला आणि म्हटलं, आई, सवत आहे. मिशी आहे तिला.

एकदा तर मी त्या सवतीला भेटायला गेले. समीर कोठारात होता, मी म्हटलं गावात एक चक्कर मारते. चर्चच्या बाजूला दगड आहे, युद्धात गेलेल्या गावातल्या मुलांच्या नावांचा. त्याच्यावर टीडेके कुठेतरी मधेच. लेफ्टनंट बिफ्टनंट काही नाही, पदकं नाहीत, किती विमानं पाडली तो आकडा नाही. नाव, जन्म, मृत्यू. वरती कुणी श्र्योडर, खाली कुणी टीमान. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि चरकले, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान निघाला. सवती लहानच असतात म्हणा. पण इतकं लहान? माझा मामेभाऊ त्या वयाचा आहे, त्याला अजून कुकर लावता येत नाही. दगडाच्या मागून बागांमधून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तोडणी चालली होती, शिड्यांवर पोलंडहून आलेली माणसं आपापसात हसत होती. मी उगाचच तिथे उभी राहिले. भांडायला आले होते आणि समोर कुणी नाही.

तरी जळणं थांबलं असं नाही हं. बसमध्ये बसले आणि परत सुरू. मेलेल्या माणसाचं एक असतं, त्याच्यात खोट काढता येत नाही. तो घोरत नाही. तो ओला टॉवेल गादीवर टाकत नाही.

टीडेकेची खरी गोष्ट मला कळली ती ऑक्टोबरमध्ये, कॉफीच्या टेबलावर. आणि तीही माझ्या फजितीमुळे. ही फजिती आपल्याच लोकांची होऊ शकते, सांगते कशी.

फेराइनमध्ये दुपारी कॉफी आणि केक असायचा, गिझेलाचा, वरती सफरचंदांच्या फोडी. मोठं लाकडी टेबल, एका टोकाला पंख सुकत ठेवलेला, कापड ताणण्यासाठी लाखेसारखं काहीतरी लावतात त्याचा डोळ्यात पाणी आणणारा वास, आणि त्या वासात सगळे आरामात केक खातायत. उवे म्हणून अध्यक्ष, ढेरपोट्या, कायम 'मोइन', म्हणजे तिकडचा रामराम, सकाळी मोइन, दुपारी मोइन, निघताना पण मोइन. त्याने मला विचारलं, तू काय करतेस? आता जर्मनीत आल्यापासून आपण जो शब्द हजार वेळा म्हणतो तो कुठला? आबश्लुस. म्हणजे डिग्री. व्हिसाला आबश्लुस, नोकरीला आबश्लुस, अमक्या ऑफिसात आबश्लुसची मान्यता. तर मी छान ताठ बसून जर्मनमध्ये सांगितलं की माझे दोन आबशुस आहेत, एक पुण्यात, एक इथे हॅम्बर्गमध्ये. समीरचा एकच.

चमचे थांबले.

आणि मग असा हशा झाला की पंख हलला. मला कळेना. उवेला बोलवेना, त्याने भिंतीवरच्या टीडेकेकडे बोट दाखवलं. आबशुस! मध्ये एक ल राहिला होता. आबश्लुस म्हणजे डिग्री, आबशुस म्हणजे पाडलेलं विमान.

"रिस्पेक्ट!" उवे डोळे पुसत म्हणाला. "एक पुण्यात आणि एक हॅम्बर्गमध्ये! टीडेकेला पहिल्याला चांदीचा पेला मिळाला होता. तुला दोन द्यायला हवेत!"

मी पण हसले. काय करणार. गिझेला मात्र हसत नव्हती, तिने माझ्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवला आणि म्हणाली की टीडेकेने पहिलं विमान पाडलं तेव्हा त्याच्या कापडाचा नंबर असलेला तुकडा कापून घरी आणला होता. सगळे आणायचे तेव्हा, आठवण म्हणून. त्याच्या आईने तो घरात लावू दिला नाही. म्हणाली, ज्याचा आहे त्याच्याही आईचं घर असेल. मग तो कोठारात लागला, सफरचंदांच्या पेट्यांवर. "ह्याच कोठारात," गिझेला म्हणाली. आपोआप सगळ्यांनी वर बघितलं. नुसती तुळई.

आणि तेवढ्यात समीर बोलला. उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर. हसतच बोलला, पण आवाज कुठेतरी चिरला.

"गेनाऊ," म्हणाला, म्हणजे बरोब्बर. "हिचे दोन. माझा एकच. म्हणून मला पदक नाही."

बाकीच्यांना वाटलं विनोद. उवेने त्याच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "आल्झो, मग तू टीडेके आणि ही लोरेन्त्स!"

लोरेन्त्स कोण? मी विचारलं. आणि तेव्हा उवेने सांगितलं. लोरेन्त्स म्हणजे टीडेकेचा जिगरी दोस्त, एकाच तुकडीतला, एकाच खोलीत झोपायचे. तेव्हा ठरावीक विमानं पाडली की निळं पदक मिळायचं, सगळ्यात मोठं, गळ्यात घालायचं. दोघं बरोबरीने चालले होते. लोरेन्त्सचा आकडा आधी भरला, त्याला पदक मिळालं, पेपरात फोटो, पोस्टकार्डवर फोटो, पोरी सही मागायला. काही आठवड्यांनी टीडेकेचाही आकडा भरला. पण तोवर नियम बदलला होता. आकडा दुप्पट केलेला.

"म्हणजे कट-ऑफ वाढला!" मी ओरडलेच मराठीत. त्यांना कळलं नाही. समीरला कळलं. त्याने कपात बघितलं.

त्यानंतर टीडेके लोरेन्त्सशी धड बोलला नाही म्हणे. एकाच खोलीत, पण नाही. एकटाच उडायला लागला. हवा खराब असली तरी, बाकीचे जमिनीवर असले तरी, आकडा गाठायला. खूप खाली, शत्रूच्या हद्दीत खूप आत. आणि पुढच्या वसंतात परत आलाच नाही. सफरचंदांना मोहोर आलेला असताना गावात कळवायला आला तो लोरेन्त्सच. गळ्यातलं पदक काढून खिशात ठेवून आला होता, असं गावात सांगतात. खरं खोटं कुणाला माहीत.

परतीच्या फेरीवर आम्ही वरच्या डेकवर होतो. पाऊस तिरका. बंदरातल्या क्रेन धुरकट, सगळे आत बसलेले, आम्ही दोघंच येडे बाहेर. मी म्हटलं, "तू काय बोललास मगाशी?"

"काही नाही, जोक."

"समीर."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तुझी ऑफर आली ना, त्याच दिवशी दुपारी मला सांगितलेलं, कॉन्ट्रॅक्ट अजून एकच वर्ष वाढवतोय. पर्मनंट नाही करणार. तुला सांगायचं म्हणून घरी आलो तर तू केक घेऊन दारात."

"मग सांगायचं ना!"

"कधी? मेणबत्ती विझवताना?"

"मी जळलो गं तुझ्यावर," तो म्हणाला. "स्वतःच्या बायकोवर कोण जळतं? कसलं घाणेरडं वाटत होतं. आणि तू सारखी वाल्डॉर्फ, वाल्डॉर्फ. मग त्या कोठारात उवेने ही लोरेन्त्सची गोष्ट सांगितली आणि मला एकदम वाटलं, चला, आपला माणूस भेटला. ते शूर वगैरे माझ्या डोक्यातच नव्हतं. तो जळका होता म्हणून आवडला मला."

घ्या! म्हणजे इतके आठवडे मी टीडेकेवर जळत होते, टीडेके लोरेन्त्सवर जळत होता, आणि माझा नवरा माझ्यावर. नुसती लाइन लागली होती. मला इतका राग आला की मी त्याच्या दंडावर गुद्दा मारला, चांगला जोरात. आणि आतून, कुणाला सांगू नका, थोडं भारी पण वाटलं. माझ्यावर कुणी जळावं एवढी मोठी मी कधी झाले?

"मग आता?" मी विचारलं.

तो 'बघू' म्हणाला नाही. फेरी धक्क्याला लागली, दोराचा आवाज, सगळे उतरले, आम्ही पण.

मी जळण्याबद्दल तेव्हा खूप विचार केला, अजूनही करते. मराठीत आपण 'जळतो', आणि त्या पायलट लोकांना सगळ्यात जास्त भीती कशाची, तर वरती जळण्याची. कापड, लाकूड, पेट्रोल, एरंडेल. एक ठिणगी आणि संपलं. जमिनीवर जळायला मात्र आपल्याला काहीच लागत नाही, केकसुद्धा पुरतो. आणि एक गंमत बघा. लांबच्या माणसावर आपण फारसं जळतच नाही. कुणी अब्जाधीश असेल तर असू दे. जळायचं ते त्याच खोलीत झोपणाऱ्यावर. असो, फार शहाणपणा झाला.

मग घराचं निघालं. वाल्डॉर्फजवळच्या एका गावात फ्लॅट, बेझिश्टिगुंग शनिवारी, म्हणजे घर बघायला या. आता तिकडे घर मिळणं म्हणजे लग्न जमवण्यासारखंच, दहा उमेदवार, घरमालकीण निवडणार. आणि बाईंनी साफ सांगितलं होतं, दोघांनी या. एकटी बाई येते, नवरा नंतर येतो म्हणते, आणि मग तो येतच नाही, असला अनुभव नको म्हणे.

आणि तोच शनिवार फेराइनचा. पहिल्यांदा इंजिन विमानात बसवून विमान गवतावर पळवायचं. आणि आत कोण बसणार? उवेचं पोट कॉकपिटमध्ये मावत नव्हतं. बाकीच्यांचे गुडघे वाकत नव्हते. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, समीर. कडीवाला समीर. टीडेकेच्या जागेवर.

मी त्याला काही विचारलं नाही. शप्पथ. आठवडाभर नाही विचारलं, जीभ चावून बसले. म्हटलं, विचारलं की 'बघू' येणार आणि या वेळी ते मला सहन नाही होणार. तिकिटं दोन काढली आणि ओट्यावर ठेवली. बास. मनात मात्र अखंड चालू होतं. तो जाणार तिकडे. जाऊ दे. त्याला टोपी घालतील चामड्याची, गिझेला गळ्यात स्कार्फ बांधेल, फोटो काढतील, आणि मी इकडे एकटी परक्या बाईला सांगणार की नाही हो, येतोच आहे मागून.

शनिवारी सकाळी मी कपाळाला टिकली लावत होते, तो दारात येऊन उभा राहिला, हातात दोन हँगर.

"बेझिश्टिगुंगला कुठला घालतात? निळा की पांढरा?"

"निळा," मी म्हटलं. आरशातच म्हटलं, वळले नाही, कारण डोळे भरलेले.

ट्रेनमध्ये तो छान होता. सँडविच खाल्लं, खिडकीतून पवनचक्क्या दाखवल्या. अर्ध्या वाटेवर फोन वाजला. उवेचा व्हिडिओ. त्याने इयरफोन लावले आणि बघायला लागला. आणि मी त्याला बघायला लागले.

काय सांगू तो चेहरा. तोंड थोडं उघडं, भुवया वर, लहान मुलाला पहिल्यांदा हत्ती दिसावा तसा. लग्नाच्या सगळ्या अल्बममध्ये शोधा, तो चेहरा नाही सापडणार. साखरपुड्यात नाही, अंतरपाट काढला तेव्हा नाही. मी जिंकले होते ना? तो माझ्या शेजारी बसला होता, निळा शर्ट घालून, माझ्या गावाला निघालेला. तरी पोटात दुखलं. उलट जास्तच दुखलं. टीडेकेचंही असंच होत असेल, एक पाडलं की वाटत असेल आता झोप लागेल, आणि नसेल लागत.

"मला दे एक," मी म्हटलं, आणि त्याच्या कानातला एक इयरफोन काढून माझ्या कानात घातला.

आधी नुसता वारा. मग फट, फट, फट, मग एकदम सगळं मिळून घरघर. निळसर धूर. गवत आडवं झालं. उवेचा भाचा आत बसला होता, टोपी घालून, मान बाहेर काढून. विमान पळायला लागलं, डगमगत, शेपूट उचललं, आणि मग चाकं जमिनीपासून सुटली. वीतभर. खरंच वीतभर, ते पण क्षणभर. उडायचं ठरलेलंच नव्हतं! उवे ओरडतोय, गिझेला ओरडतेय.

"उडलं," समीर म्हणाला.

"तू असतास तर?"

"मी असतो तर बंद केलं असतं. घाबरून." मग म्हणाला, "माहीत नाही."

त्याने परत लावलं. आम्ही परत बघितलं. आमचं उतरायचं स्टेशन, मानहाइम, येईपर्यंत बघत होतो, एका इयरफोनमध्ये तो आणि एकात मी.

फ्राऊ क्नाप म्हणजे घरमालकीण, छोटीशी, खणखणीत, पायात लोकरीचे बूट. आम्हाला खोल्या दाखवल्या, हीटर कसा लावायचा, कचऱ्याचे डबे कुठले कधी. मग टेबलाशी बसवून सरळ इंटरव्ह्यूच. मी माझं सांगितलं, कंपनी, पर्मनंट, दोन आबश्लुस. ल वर चांगला जोर देऊन. मग ती समीरकडे वळली.

"आणि तुम्ही? तुमची नोकरी इथे आहे?"

मला वाटलं आता हा सांगेल, एव्हिएशनमध्ये आहे, हॅम्बर्गला आहे, बघू.

"नाही," समीर म्हणाला. "इश कोमं मित."

मी सोबत येतोय. एवढंच. त्याला चांगलं लांबलचक जर्मन येतं, पण तेवढंच म्हणाला आणि हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडांना अजून लाखेचा पिवळा रंग होता. फ्राऊ क्नापने त्या नखांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान डोलावली. चांगली डोलावली.

तिने विचारलं, अजून काही प्रश्न?

"तळघर आहे का?" मी विचारलं.

"आहे ना. कोरडं आहे. किती मोठं हवं?"

समीर चमकून माझ्याकडे बघायला लागला.

"एक पंख मावेल एवढं," मी म्हटलं.

फ्राऊ क्नापला वाटलं माझं जर्मन चुकलं. तिने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. आणि समीरचं तोंड हळूहळू उघडलं, भुवया वर जायला लागल्या, या वेळी व्हिडिओकडे नाही, माझ्याकडेच बघत होता. मला इतकं हसू आणि इतकं रडू एकदम आलं की पटकन काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"आणि किल्ली," मी म्हटलं, "माझ्याकडे राहील."